नायकानं हात जोडले

अर्धं पान लिहून झालं होतं. शेजारी स्टॅम्प विकणारे करीमचाचा वाकून म्हणाले, "मुन्शीजी, मराठी लिहिताय आन् वही उलटी? कुणाचा अर्ज हाय?"

मित्रांनो, तो अर्ज नव्हता. निजामाच्या कचेरीत उर्दूच चालते, म्हणून कळंबच्या तहसिलीबाहेर बारा वर्षं मी लोकांचे उर्दू अर्ज लिहितो. मराठी कादंबरी राहूनच गेली. त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून सुरुवात केली. उर्दू उजवीकडून लिहितात, त्या सवयीनं वही मागून उघडली, आणि माझा नायक अर्जदारासारखा पहिल्याच ओळीत साहेबापुढं हात जोडून उभा राहिला.

"बराबर हाय की," चाचा म्हणाले. "न्हायतर त्याचं ऐकणार कोण?"

हसलो, पण नायकाला ताठ उभा करता करता दमलो. तुमच्यात जे लिहितात त्यांनी सांगावं, तुमची माणसं ताठ कशी उभी राहतात?

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा जण थांबले होते. त्यांचे अर्ज लिहिले.