उलटे न फिरणारे स्क्रू

माझा दादा किल्ल्या करतो. बसस्टँडसमोर त्याचं दुकान आहे. दोन गिऱ्हाइकं शेजारी उभी राहिली तर तिसऱ्याने रस्त्यावर थांबावं, एवढंच. एक घासायचं मशीन, एक स्टूल आणि भिंतभर कोऱ्या किल्ल्या. माणसांबद्दलची त्याची सगळी मतं बंद दारांसमोर उभं राहून झालेली आहेत, त्यामुळे ती फारशी चांगली नाहीत.

"ठरवून मग उघडायचं," हा त्याचा धंद्यातला पहिला नियम. दार लागलंय, आत गॅसवर दूध आहे, तेव्हा माणूस म्हणतो, वाट्टेल ते घ्या. दार उघडलं की तोच म्हणतो, दोन मिनिटांच्या कामाचे एवढे? दादाच्या मते कुलपाबाहेरचा माणूस आणि कुलपाआतला माणूस हे दोन वेगळे इसम असतात आणि दुसऱ्याशी व्यवहार करू नये. अपवाद एकच. कुलूप त्यानेच बसवलेलं असेल आणि ते अडकलं, तर तो एक पैसा घेत नाही. गुपचूप येतो, दुरुस्त करतो, मान खाली घालून जातो.

आमच्या गावामागे डोंगर आहे आणि सुट्टीच्या दिवशी त्यावर हरवायला लोक लांबून येतात. त्यांना शोधून आणणारी सातआठ जणांची तुकडी दादाने काढली. वहिनी तिला टोळी म्हणते. पद्धत साधी. अंधारात शिट्टी तीनदा लांब फुंकायची आणि मग पूर्ण एक मिनिट गप्प उभं राहायचं. कोणी खोकायचं नाही, पाय हलवायचा नाही. त्या मिनिटात वरून ओ येते. मग आवाजाच्या दिशेने जायचं.

पंधरा वर्षं हे फुकट चाललं. दोर, विजेऱ्या, स्ट्रेचर, सगळं टोळीच्याच खिशातून. खाली आणलेली माणसं तरी कशी? एक जण चपला घालून कड्यावर गेलेला. एकाने स्ट्रेचरवरून विचारलं, हॉटेलपर्यंत सोडाल का, सामान तिथे आहे. एक बाई खाली आल्यावर चिडल्या, की फोटो काढायला कोणीच कसं नव्हतं.

"तुमच्या दादांना म्हणावं, घरातला नळ गळतोय," वहिनी मला ऐकवायची. "तोही डोंगरावर नेऊन ठेवते, म्हणजे बघतील."

शेवटी दादा पेटला. नगरपालिकेच्या सभेत उभा राहिला आणि म्हणाला, "किल्ली ज्याने हरवली त्याने पैसे द्यायचे. जगात सगळीकडे हेच आहे. उद्या माझी भाची वर अडकली तरी बिल फाडीन." टाळ्या पडल्या. नगरपालिकेला तर काहीच द्यायचं नव्हतं, त्यामुळे तिने ताबडतोब मंजुरी दिली. पायवाटेच्या तोंडाशी बोर्ड लागला: शोधून आणण्याचा खर्च संबंधिताकडून वसूल केला जाईल. खाली आकडा असा, की वाचणाऱ्याला तिथेच बसावंसं वाटावं. बोर्ड चोरीला जाऊ नये म्हणून दादाने त्याला एकदा आवळले की उलटे न फिरणारे स्क्रू मारले.

त्या रात्री जेवताना सगळ्यात जास्त मीच बोलले. म्हटलं, बरं झालं, फुकट्यांना धडा मिळेल. भाची समोर बसून भात कालवत होती. भाची म्हणजे माझीच लेक, वय वर्षं एकोणीस.

दोन महिन्यांनी ती मैत्रिणीकडे अभ्यासाला म्हणून गेली आणि नऊ वाजले तरी आली नाही. मैत्रिणीकडे फोन केला. तिकडे अभ्यासही नव्हता आणि ही पण नव्हती. दादाला फोन लावला तर त्याने एकच विचारलं, "कुठले बूट नाहीत ते बघ." डोंगराचे नव्हते.

टोळी वर गेली. मी खाली दादाच्या व्हॅनमध्ये, किल्ल्यांच्या डब्यांमध्ये बसून होते. शिट्टी ऐकू यायची आणि मग ते मिनिट यायचं. मी श्वास रोखून बसायचे. मिनिट संपायचं, पुन्हा पावलं वाजायची. असं पहाटेपर्यंत. एकदा ओ ऐकू आली असं वाटलं म्हणून मी व्हॅनमधून उतरले, तर कुत्रं होतं.

सहा वाजता टोळीतले, शाळेचे पीटीचे सर तिच्यावर जवळजवळ पाय देणार होते. एका खडकाआड बसलेली. घोटा सुजलेला, फोन मेलेला, ओठ निळे, बोलताना जीभ अडखळत होती. दादाने स्वतःचं जाकीट तिच्याभोवती गुंडाळलं आणि वर बघून अंतर मोजलं. साडेअकराला शिट्टी जिथून मारली, ती जागा शंभर पावलांवर होती.

"शिट्टी ऐकू आली नाही?" त्याने विचारलं. हे खाली स्ट्रेचर टेकवल्यावर, माझ्यासमोर.

"आली."

"किती वेळा?"

"चार."

"मग?"

ती माझ्याकडे बघत होती. "बोर्ड वाचला होता, मामा. आईकडे एवढे पैसे कुठेत? म्हटलं, उजाडलं की सरकत सरकत उतरेन. आणि तूच म्हणाला होतास, भाचीलाही सोडणार नाही."

पीटीच्या सरांना राहवलं नाही. "बिलबुक व्हॅनमध्येच आहे," ते म्हणाले. "फाडायचं का?"

दादाने त्यांच्याकडे असं बघितलं, की ते स्ट्रेचर पुसायला लागले. स्ट्रेचर कोरडं होतं.

दवाखान्यातून तो थेट स्क्रूड्रायव्हर घेऊन बोर्डाकडे गेला. दुपारपर्यंत खटपट केली. गावातला एकुलता एक कुलूपवाला, पण स्वतः मारलेले चार स्क्रू त्याला निघेनात. येणारे-जाणारे थांबून सल्ले देत होते. शेवटी रंगाचा डबा आणून त्याने आकड्यावर लाल फासलं आणि खाली वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: शिट्टी ऐकली तर आधी ओ द्या. पैशांचं नंतर बघू.

नंतर बघू, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं असेल.

बिल काही निघालं नाही. मी पैसे पुढे केले तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "माझंच कुलूप होतं," आणि चहा न घेता गेला. खर्च मात्र तसाच राहिला. दोर झिजतातच. मग गावात किल्ली महाग झाली.

"दोन महिन्यांपूर्वी ह्याच किल्लीचे कमी घेतलेत तुम्ही," समोरचा औषधवाला परवा भांडत होता.

"आता तिच्यात डोंगर धरलाय."

"मी कधी डोंगरावर जात नाही."

"किल्ली हरवलीत ना? हरवणाऱ्यांनी हरवणाऱ्यांचं बघायचं."

मी घराच्या तीन किल्ल्या करून घेतल्या. बहीण म्हणून सूट मागितली, तर म्हणाला, तुझ्याकडून आगाऊ वर्गणीच घ्यायला हवी.

लेक पुन्हा डोंगरावर जाते. आता सांगून जाते, त्यामुळे माझी झोप आधीच उडते, एवढाच फरक. दादा आमच्याकडे आला की बेल वाजवत नाही. दारात उभा राहून शिट्टी फुंकतो आणि थांबतो. ती असेल तिथून, तोंडात ब्रश असला तरी, ओ देते. मगच तो आत येतो.