गावपळणीतले शिरवाळे

ही गोष्ट मी बरीच वर्षे टाळली. बायकोलाही सांगितली नाही. मुंबईत कोणी विचारले की गावपळणीचे कौतुक मी तासभर करतो. शिरवाळ्यांपर्यंत, त्या तांदळाच्या शेवयांपर्यंत, आलो की विषय बदलतो. आता वैनी गेली. माझेही फार दिवस राहिलेले नाहीत. म्हणून लिहून ठेवतो.

आचऱ्याच्या आसपास काही गावांत ही रीत आहे. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि सगळा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जाऊन राहतो. तीन रात्री गाव देवाचा. तिथे चूल पेटत नाही, दारातले खळे झाडले जात नाही. मग पुन्हा कौल घेतात. देवाने होकार दिला की परतायचे. तोवर देवळात जाणारे मानकरी सोडून कोणी आत पाऊल टाकायचे नाही.

नोकरीच्या काळात मला हे कधी जमले नाही. निवृत्त झालो आणि पळणीच्या आदल्या दिवशी कुडाळला गाडीतून उतरलो. दुसऱ्या दिवशी नगारा झाला आणि घरे रिकामी होऊ लागली. टेम्पोत भांडी, गोणी, टोपल्यांत कोंबड्या. एका रिक्षात मागच्या सीटवर बकरी ऐटीत बसलेली आणि मालक पुढे ड्रायव्हरला चिकटलेला. संध्याकाळपर्यंत खाडीकाठी झावळ्यांच्या झोपड्यांचा नवा गाव उभा राहिला. कुंपणाच्या गडग्यावरून वर्षानुवर्षे न बोलणारी दोन घरे तिथे एकमेकांच्या चुलीवरचा विस्तव मागत होती. असे मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही.

माझा थोरला भाऊ आधीच वारला होता. घर वैनीच सांभाळायची. तीन दगडांच्या चुलीवर ती जे करायची ते मी आजवर कुठल्याही हॉटेलात खाल्लेले नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. दुपारी कुळथाची पिठी, खाडीतल्या तिसऱ्या शिंपल्यांचे कालवण. बिडाच्या तव्यावर अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायची आणि घावणे असे घालायची की जाळीतून पलीकडचे दिसावे. सोबत काळ्या वाटाण्याचे सांबार.

"भावजी, मुंबयत काय खातास? बटाटोच मा?" ती विचारायची आणि उत्तराची वाट न बघता पुढचे घावण वाढायची.

एकदा जेवताना मी म्हणालो, "वैनी, आता शिरवाळे झाले की मी डोळे मिटायला मोकळा."

"साचो मागल्या पडवीत रवलो. गावात गेल्यार करतंय. दम धरा जरा."

शेजारची बाई हसली. "भावजींका डोहाळे लागले गो!"

सगळे हसले. मला ते उगाच लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसे पाण्यावर गेली असताना मी बांधाबांधाने गावात शिरलो.

गाव इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. कुठे धूर नाही, कोंबडा नाही. वाटेवर पानांचा खच, आणि आमच्या खळ्यात एक वानर माणसासारखे पाय पसरून बसलेले. मला भीती वाटली नाही. उलट या रीतीचा अर्थ तिथे उभे राहूनच कळला: गावालाही माणसांपासून विसावा लागतो. तो विसावा आपण मोडतो आहोत हेही कळत होते. तरी मी पडवीतला लाकडी साचा काढला, पंच्यात गुंडाळला आणि परतलो.

"टेम्पोतल्या गोणीखाली होता," मी वैनीला सांगितले.

तिने साच्याकडे पाहिले, मग माझ्या पायांकडे. खाडीकाठची माती काळी. माझे पाय गावातल्या वाटेने तांबडे झालेले.

"आधी पाय धुवा," एवढेच ती म्हणाली.

मग तिने तांदळाच्या पिठाची उकड काढली, गोळे उकळले. मी साचा दाबायचा, तिने खाली पांढऱ्या शेवया झेलायच्या. नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची. आजूबाजूच्या झोपड्यांतली माणसे द्रोण घेऊन आली. त्या चवीबद्दल आजही खोटे बोलवत नाही. तसे शिरवाळे पुन्हा खाल्ले नाहीत.

तिसऱ्या रात्रीनंतर मानकरी कौल घेऊन आले. देवाने नकार दिला होता. अजून एक रात्र बाहेर.

"कोण गावात गेल्लो?" म्हाताऱ्या मानकऱ्याने विचारले.

मग ती शेजारची बाई, मनात काही वाईट नसताना, म्हणाली, "साचो तर पडवीत होतो. भांडी काढताना माझ्या डोळ्यांनी बघलंय मी."

सगळ्यांच्या नजरा वैनीकडे वळल्या. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"मीच गेल्लंय. दिवो मालवलो काय नाय, ता बघूक."

"बाये, तू? इतकी वर्सां गावात रवान?"

ती मान खाली घालून उभी राहिली. मी, ज्याला बसायला खुर्ची दिली होती तो, खुर्चीत बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी कौल झाला. गाव वाजतगाजत परतला आणि मी कुडाळची गाडी पकडली.

त्याआधी देवळातल्या समाराधनेला, म्हणजे गावजेवणाला, वाटप तिच्या देखरेखीखाली व्हायचे, मीठ तिच्या हातचे पडायचे. त्यासाठी तिला येणारा निरोप पुन्हा आला नाही. कोणी भांडले नाही, फक्त बोलावले नाही. "बरा झाला, हात दुखतत माझे," ती म्हणायची. पुढच्या पळणीत तिच्या चुलीपाशी आम्ही घरचेच होतो. मी दरवेळी बोलायचे ठरवून जायचो आणि जेवून यायचो. तिने मला एका शब्दाने कधी टोचले नाही.

देवाने माझ्यामुळे नकार दिला की नाही, मला ठाऊक नाही. वैनीचा मात्र त्यावर विश्वास होता, आणि तरी तिने ते अंगावर घेतले.

तिच्या बाराव्याला सगळी वाडी पंगतीला बसली होती. तो मानकरी होता, ती शेजारीणही होती. दोष चारचौघांत लागला होता, तो चारचौघांतच उतरायला हवा होता. मी उभा राहिलो. "बसा भावजी, भात येता," कोणीतरी म्हणाले, आणि मी बसलो.

मला एवढेच म्हणायचे होते: "वैनी गावात गेली नाय. मी गेल्लंय. तिका तुम्ही बोलवचा सोडलास, ता माझ्या पायी. तिची माफी मागूक माका उशीर झालो, म्हणान तुमच्याकडे मागतंय."