फुवांची आखाजी

जगातला सगळा अन्याय एखाद्या सकाळी संपला असता, तर आमच्या फुवांना त्या दिवशी जेवण गेलं नसतं. फुवा म्हणजे माझ्या फुईचे, आत्याचे, यजमान. सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन ते जळगावात राहायचे आणि तिथल्या पेपरात, वाचकांच्या पत्रांच्या सदरात, घरजावयासारखे नांदायचे. पत्र लिहायला बसताना इस्त्रीचा सदरा आणि टोपी हवीच. "बनियनवर बसून लोकशाहीशी बोलायचं का?" असं वर मलाच विचारायचे. पत्राचं पहिलं वाचन दूधवाल्यासमोर. बिचारा हळूच कॅन उचलायला गेला की, "थांब रे, मुद्दा आता येतोय!" खाली सही 'एक जागरूक नागरिक' आणि हा नागरिक कोण, ते गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. संपादकांनी चार ओळी कापल्या, तर फुवा सायकल काढून थेट त्यांच्यासमोर उभे. "माझा तिसरा परिच्छेद कोणी खाल्ला?"

मग फुईला लकवा झाला. तिचं सगळं करायला इंदूबाई आल्या. धुळ्याकडच्या होत्या, रात्रंदिवस घरातच राहायच्या. फुईला कुशीवर वळवायचं, घास भरवायचा, अंग पुसायचं, वर तिच्याशी गप्पाही मारायच्या. ते बघून फुवांच्या अंगात आलं. तुंबलेली गटारं, उशिरा येणाऱ्या एसट्या सगळं मागे पडलं आणि लेखणी एकाच विषयाला लागली: घरोघरी आजाऱ्यांचं करणाऱ्या बाया. त्यांना शिळं वाढू नका. त्यांना बसायला खुर्ची द्या. 'ए बाई' म्हणून हाका मारू नका.

आणि मग ते पत्र आलं. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरची लेक माहेरी जाते म्हणजे जातेच. झाडाला झोका बांधायचा, गाणी म्हणायची, आईच्या हातचं खायचं. फुवांनी लिहिलं, 'या बायांनाही आखाजीची सुट्टी द्या. त्या कोणाच्याच लेकी नाहीत काय?' पेपरात चौकटीत छापून आलं. समोरच्या शेठाणी फाटकात येऊन कडाडल्या, "नाना, तुमच्या पत्रापायी आमच्या बाईनं पिशवी भरली! आता आमच्या सासऱ्यांना आंघोळ तुम्ही घालणार का?"

"शेठनी घालावी," फुवा मिशीत हसले. "बाप कोणाचा?"

त्या संध्याकाळी त्यांनी ते पत्र फुईला खड्या आवाजात वाचून दाखवलं. मी तिथंच होतो. इंदूबाई फुईच्या हाताला तेल चोळत होत्या. "मस्त लिखं शे, नाना," म्हणाल्या आणि चोळत राहिल्या. फुवा अस्से खुलले! फुईची जीभ अजून जड होती. तिनं सगळा जोर लावला आणि कसेबसे दोन शब्द काढले.

"आन्... इंदू?"

फुवांनी हातातल्या पेपराची घडी घालून तो बाजूला ठेवला. अख्ख्या जिल्ह्यातल्या बाया त्यांनी माहेरी धाडल्या होत्या, घरातली तेवढी राहिली होती. इंदूबाईंच्या म्हाताऱ्या आईला आता दिसेनासं झालं होतं आणि मागच्या आखाजीलाही लेक गेली नव्हती. फुईला हे ठाऊक होतं. फुवांनी कधी विचारलंच नव्हतं.

"मी जासू, ते अक्कानं कोन करी?" इंदूबाई फुईकडे बघत म्हणाल्या.

"मी करीन."

"तुमले जमाव नही, नाना."

"न जमायला काय झालं? नवरा आहे मी तिचा!" फुवा ओरडले. सकाळी त्यांनी स्वतः इंदूबाईंना धुळ्याच्या एसटीत बसवलं, आईसाठी लुगडं दिलं आणि कंडक्टरला इतक्या सूचना दिल्या की गाडीच खोळंबली.

आखाजीला मी गेलो, तर घरात आमरस सांडलेला, फुवांचा सदरा पिवळा, आणि फुईची वेणी म्हणजे बैलाचा कासरा! फुई वाकड्या ओठांनी हसत होती. आजारपणानंतर पहिल्यांदाच, देवा शप्पथ.

"फुवा, यावर एक पत्र होऊन जाऊ द्या," मी म्हटलं.

"वेळ आहे का मला?" ते खेकसले. "सगळे केस सोडायचेत अजून, वेणी पुन्हा घालतो."

इंदूबाई परत आल्या, त्यांनी बाकी सगळं हाती घेतलं. वेणी मात्र फुवांनी कोणाला दिली नाही. पुढं दोन वर्षांनी फुई गेली. बायका तिला न्हाऊ घालायला जमल्या, तेव्हा फुवा फणी घेऊन आत आले आणि म्हणाले, "जरा सरका. हे माझं काम आहे."