कुपवाडच्या दुकानातलं ‘उद्या येईल’

पोरांनो, तुमचे आजोबा राजस्थानातून कुपवाडला आले आणि त्यांनी नटबोल्टचं दुकान काढलं. मी साताऱ्याची, इंग्रजी शाळेत शिकलेली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला दुकानाचा नियम कळला. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नाही. माल नसला तर ‘उद्या येईल’ म्हणायचं आणि संध्याकाळी स्कूटरवर मिरजेला जाऊन तो आणायचा. त्या भरवशावरच वॉर्डाने बाहेरून आलेल्या माणसाला नगरसेवक केलं.

तिथेच चूक झाली. गटार, दिवे, पाण्याची लाइन, कुणी काहीही मागितलं की सवयीने यांच्या तोंडून ‘उद्या’ निघायचं. पण पाण्याची लाइन काही मिरजेच्या दुकानात मिळत नव्हती. पुढची निवडणूक आली तेव्हा गल्लीतली एक म्हातारी काउंटरवर हात टेकून म्हणाली, “शेट, खिळं मागितलं तर सकाळी हजर. पाणी मागितलं तर तुमचा उद्या काय उजाडंना. गाशा गुंडाळून गावाकडं जायचा इचार हाय का काय?”

दुकानातले सगळे हसले. हे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांनी दिलेली सगळी आश्वासनं क्रमवार लिहून समोर ठेवली. “जी होणार नाहीत त्यांच्यावर काट मारा.”

“मतं जातील.”

“जाऊ देत. आपल्याला राहायचंय इथंच ना?”

काट मारायला त्यांनी पूर्ण दुपार घेतली. मग सभेत तोच कागद वाचला. “पाण्याची लाइन यंदा होणार नाही. पुढच्या वर्षाचंही सांगत नाही. टँकर मात्र रोज सकाळी सातला उभा करीन.”

म्हातारी पुढेच बसली होती. “आवं, हे आधी बोलायला तोंड दुखत हुतं व्हय?”

“व्हय आजी, लय दुखत हुतं.”

थोडक्या मतांनी निवडून आले. टँकरला उशीर झाला की स्वतः आणायला जायचे. लाइन यायला तीन वर्षं लागली.

पुढे लोकसभेची उमेदवारी मिळाली. पक्षाने लिहून दिलेल्या भाषणात एक मोठा कारखाना होता. तो परिच्छेद यांनी वाचलाच नाही. वरून फोन आला, नुसतं बोलायला काय जातंय तुमचं?

“ते माझ्या हातात नाही, म्हणून बोललो नाही,” हे म्हणाले.

उमेदवारी बदलू, असं पलीकडून बजावलेलं मलाही ऐकू आलं. “बदला,” म्हणाले, चपला घातल्या आणि प्रचाराला निघाले.