पांढुर्ण्याचा जहाजवाला

फोन आला तेव्हा मी सौंसरला औषधाच्या दुकानात उभा होतो. "काका, बाबा गेले," वसंतची मुलगी म्हणाली. मी "बरं" म्हणालो... गोळ्या घेतल्या, सुटे पैसे खिशात टाकले, घरी येऊन बायकोला सांगितलं. आता काही आठवडे झाले. अजून रडू आलेलं नाही.

वसंत माझा कॉलेजातला मित्र. मी मास्तर झालो, तो पांढुर्ण्यात संत्री वाहणाऱ्या दोन ट्रकांचा मालक. समुद्र त्याने कधी पाहिला नव्हता. पण एका दुपारी त्याने मला मोबाइलवर एक जहाज दाखवलं. ते पोटात पाणी भरून घेतं आणि पाठ बुडवतं. समुद्रात तेलविहिरी खोदणारी अवाढव्य रिग त्या पाठीवर ओढून आणतात. मग पाणी बाहेर टाकत जहाज वर येतं आणि रिग घेऊन दुसऱ्या देशाला निघतं. "पाह्य, तेल निघो का नको निघो, याचं भाडं पक्कं," तो म्हणाला. त्याने एक ट्रक विकला आणि नागपूरच्या दलालामार्फत त्या जहाजाच्या परदेशी कंपनीचे शेअर घेतले. भाव चढला तेव्हा बाजारातले लोक त्याला 'जहाजवाला' म्हणू लागले, आपलेही पैसे लाव म्हणाले. मीही म्हणालो. "नाही," तो म्हणाला, "बुडालं त तुह्या तोंडाकडे कसं पाहू?"

बुडालंच. तेल स्वस्त झालं, नव्या विहिरी थांबल्या, रिगा किनाऱ्याला लागून राहिल्या. त्या वाहून न्यायला जहाज कोण बोलावणार? त्याच्या बायकोने, शोभावहिनींनी, माझ्यासमोरच त्याला विचारलं, "ट्रक इकताना मले इचारलं होतं काय?" तो म्हणाला, "नाही इचारलं. चुकलंच माह्यं." ड्रायव्हरचा पगार परवडेना, म्हणून साठीला टेकलेल्या वसंतने उरलेल्या ट्रकचं स्टेअरिंग स्वतः धरलं. वहिनी त्याच्याशी बोलत नव्हत्या. मग एका पहाटे डबा घेऊन त्या केबिनमध्ये चढून बसल्या. "तुम्हाले डुलकी लागते," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर जवळच्या प्रत्येक खेपेला त्या शेजारी असत.

शेवटच्या खेपेलाही होत्या. रामाकोन्याच्या अलीकडे त्याने गाडी नीट कडेला घेतली, ब्रेक ओढला. "जरा टेकतो," म्हणाला... माल भरलेला होता. तो दुसऱ्या ड्रायव्हरने पोचवला.

परवा भेटायला गेलो. शेअर त्याने शेवटपर्यंत विकले नव्हते. वहिनींनी त्याचा मोबाइल माझ्या हातात दिला. पडद्यावर समुद्राचा नकाशा होता आणि त्यात त्या जहाजाचा एक बारका ठिपका. "रोज संध्याकाळी हे मले दाखवत. मले वाचता येत नाही त्यातलं. भाऊजी, पाहा बरं, थांबून राहिलं का चालून राहिलं?"

मी चष्मा लावून पाहिलं. "चालून राहिलं, वहिनी."

"मंग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.