मला मत देऊ नका

चहा गरम आहे अजून, घाई करू नका. तोवर माझी एक फजिती ऐका. हसायचं तर खुशाल हसा, मला वाईट वाटत नाही. आमची ही पन्नास वर्षं हसतेच आहे. फक्त हसताना माझ्याकडं बघत नाही.

तर, मी एकदा निवडणुकीला उभा राहिलो होतो. मी! सभेत मागून कुणी नुसतं खाकरलं तरी दोन हात सरकून बसणारा माणूस!

गोष्ट मोठ्या दुष्काळानंतरची. वडीगोद्रीच्या अलीकडं आमचं गाव. आमची बौद्धांची वस्ती खालच्या अंगाला, आणि वस्तीला विहीर नाही. आमच्या बाया पाटलाच्या विहिरीवर जायच्या. तिथं विहिरीला हात लावायचा नाही. लांब घागर ठेवून उभं राहायचं. वरच्या आळीतली एखादी बाई आली, आणि तिच्या मनात आलं, तर ती वरून पाणी ओतणार. कधी दहा मिनिटं, कधी सकाळ सगळी. कायदा होता हो तेव्हाही! पण कायदा अंबडला कचेरीत राहत होता आणि विहीर गावात होती.

माझ्या मावसभावाचा मुलगा किसन. सातवी पास, तोंडानं फटकळ, पण सरळ. तो ग्रामपंचायतीला उभा राहिला. म्हणाला, "निवडून आलो तर पहिलं काम वस्तीची विहीर. दुसरं काम विचारूच नका." समोर पाटलाचा पुतण्या. आमच्या वॉर्डात मतं आमचीच जास्त. सगळी वस्ती किसनकडं. सगळं कसं सरळ होतं! ते वाकडं करायला एक माणूस पाहिजे होता.

एक दिवस पाटलाचा कारभारी बाबुराव माझ्या दारात. "रामराम, सखारामराव!"

मी मागं वळून बघितलं. हा सखारामराव कोण आला माझ्या घरी? ह्या माणसानं जन्मभर मला 'ए सख्या' म्हणून हाक मारली होती.

"तुमच्याशीच बोलून राह्यलो," बाबुराव म्हणाला. "ह्या वक्ताला तुम्ही उभं राहायचं."

"पण आमचा किसन हाय की उभा."

"मंग? एकाला दोन बरे का न्हाई? औताला बैल किती जुंपता?"

"दोन."

"झालं तर!"

तुम्ही शिकलेली माणसं, तुमच्या लगेच ध्यानात आलं असेल. माझ्या नाही आलं. मी आपला मनात म्हणतोय, बराबर आहे, दोघं निवडून आलो तर विहिरीही दोन होतील. एक माणसांना, एक ढोरांना! आणि खरं सांगू का? तो 'राव' लई गोड लागला होता. अंबडला जाऊन अर्ज भरून आलो. परतताना एस.टी.त मी जरा ताठ बसलो होतो, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी किसन आला. मी जेवत होतो.

"तात्या, हे काय केलं?"

"तुला जोड दिली, बाबा."

त्यानं कपाळावर हात मारला. मग माझ्या ताटातली भाकर उचलली. "ही आपल्या वस्तीची मतं. मी एकटा असलो तर सगळी भाकर माझी. आता तुम्ही आलात." त्यानं भाकर मोडली. "अर्धी तुम्हाला, अर्धी मला. दोघंबी उपाशी. अन् तिकडं पाटलाच्या पुतण्याच्या ताटात त्याची भाकर आख्खी! त्यांनी तुम्हाला जिंकायला न्हाई उभं केलं, तात्या. मला पाडायला केलं."

घास माझ्या तोंडातच राहिला. आमची ही चुलीपाशी बसली होती. ती रिकाम्या घागरीकडं बघत राहिली.

"आता रे?"

"उद्या तीनपर्यंत अर्ज मागं घेता येतो. पहिल्या गाडीनं जा. मला पाटोद्याच्या बाजूला कामावर जाणं हाय, न्हाई तर मीच आलो असतो."

पहिल्या गाडीनं गेलो. कचेरी उघडायच्या आधी दारात हजर. शिपाई आला. मी म्हणालो, "साहेबांशी काम हाय." शिपाई म्हणाला, "बसा."

मी बसलो.

आता बघा, मला 'बसा' म्हटलं की मी बसतो. उगं उठून साहेबलोकांना तरास देणं माझ्या स्वभावात नाही. लोक येत होते, आत जात होते, बाहेर येत होते. मी म्हणायचो, आपला नंबर येईल. बाकावर एक म्हातारा होता, त्याच्याशी तुरीवरच्या अळीबद्दल बोललो. त्याचंही काम झालं. दुपारी सावली सरकली, तसा मीही सरकलो. शेवटी एक कारकून पान थुंकायला बाहेर आला.

"काय हो बाबा, सकाळपासून पाहून राह्यलो. काय काम?"

"अर्ज मागं घेणं हाय, साहेब. निवडणुकीचा."

त्यानं आधी घड्याळ पाहिलं, मग मला. "पावणेचार झाले! तीनला मुदत संपली. बोलले का न्हाई?"

"तुमचा माणूस 'बसा' म्हणला."

कारकुनानं तोंडातलं पान थुंकून टाकलं. मग म्हणाला, "जा बाबा. निवडून या."

दिवसभर बसून मी निवडणुकीत उभाच राहिलो! असा उमेदवार जिल्ह्यात दुसरा नसेल.

पण मीही ठरवलं. मी घाण केली, मीच धुणार. माझं चिन्ह छत्री, किसनचं शिडी. मी वस्तीत घरोघर जायला लागलो. हात जोडायचे आणि म्हणायचं, "मला मत देऊ नका. शिडीवर शिक्का मारा. पाण्याचा सवाल हाय."

पहिलं घर चंद्रभागा मावशीचं. मावशी हसली. "अरे सखाराम, लहानपणापासून तू असाच. पंगतीत 'नको, नको' म्हणायचा अन् मी वाढलं की मुकाट्यानं खायचा."

"मावशे, हे पंगतीचं न्हाई. खरंच नको."

"हां हां. कळलं मला."

काय कळलं तिला, देव जाणे! पुढच्या घरी दगडू म्हणाला, "तात्या, माणूस असावा तर असा. लोक 'द्या, द्या' करतात, तुम्ही 'नको' म्हणता!" त्याची बायको आतून म्हणाली, "कुणी दम तर न्हाई ना दिला तात्यांना?" मी जितकं नको म्हणायचो, तितकी त्यांच्या डोळ्यांत माया दाटायची. एका घरी मला जेवायलाच बसवलं. मी म्हणालो, भाकर नको आणि मतही नको. त्यांनी भाकर वाढली. तिथंच मी शहाणं व्हायला पाहिजे होतं. आमच्यात पाहुण्याचं 'नको' कुणी ऐकलंय का कधी?

वाटेत बाबुराव भेटला. "सखारामराव, कशाला पाय झिजवता? तुम्ही नुसतं नाव लावायचं, घरी झोपायचं!" मी भरभर चाललो. माझं भरभर म्हणजे तुम्हाला माहीतच आहे.

मतदान झालं. दुसऱ्या दिवशी शाळेत मोजणी. किसन आणि मी एका बाकावर. पाटलाचा पुतण्या खुर्चीवर.

किसन पडला. नऊ मतांनी.

आणि मला मिळाली सत्तावीस!

किसनचं धरून वस्तीत घरं अठ्ठावीस. मी तिथंच बसून एकेक घर डोळ्यांपुढं आणलं. मग उलगडलं. प्रत्येक घरानं असाच विचार केला होता: किसन येणारच आहे, आपलं एक मत सखारामला देऊ. बिचाऱ्याला भोपळा मिळाला तर कसं दिसेल? एकच द्यायचं, बाकी सगळी किसनला! सगळ्या घरांनी एकेकच दिलं, आणि कुणी कुणाला सांगितलं नाही.

बाबुराव धावत आला, माझ्या गळ्यात हार घातला. "काय डोकं लावलं, सखाराम! 'मला मत देऊ नका' म्हणून मतं मागायची! आजवर इतकी माणसं उभी केली, ही युक्ती कुणाला सुचली न्हाई."

'राव' गेला होता, ते माझ्या तेवढ्यातही लक्षात आलं.

घरी आलो. हिला विचारलं, "तू तर शिडीवरच मारला ना?"

ही घागर उचलत म्हणाली, "आपल्या माणसाला शून्य पडलं असतं तर विहिरीवर बायांनी मला काय म्हणलं असतं?"

"कोणत्या विहिरीवर?"

"त्याच," ती म्हणाली, आणि गेली. पुढं कैक वर्षं जातच राहिली. वस्तीला विहीर झाली तेव्हा तिचे गुडघे गेले होते.

पण फजिती इथं संपली नाही. मोजणीत एक मत बाद झालं होतं. साहेबांनी कागद वर धरला. शिक्का बराबर शिडीवर, आणि त्याच्या खाली हा ठसठशीत अंगठा! साहेब म्हणाले, "मत गुप्त असतं. खूण केली की बाद." किसन चिडून म्हणाला, "कोण येडं हाय हे आपल्यातलं!"

आता तुम्हीच सांगा, तलाठ्यापासून दुष्काळी कामावरच्या मुकादमापर्यंत सगळ्यांनी मला जन्मभर काय शिकवलं? अंगठ्याशिवाय कागद खरा नाही! शिक्क्याची शाई समोरच होती. म्हणलं, किसनचं काम आहे, पक्कं करून टाकू.

संध्याकाळी किसन माझ्यापाशी येऊन बसला. रागावला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, "जाऊ द्या, तात्या. कुणी न्हाई ऐकलं तुमचं. पण तुमचं सोताचं मत तर मला पडलं ना?"

"बराबर शिडीवर," मी म्हणालो, आणि अंगठा मुठीत घेतला.