चितऱ्या कुत्र्यांची कुसुमआत्या

माझ्या आतेभावाचा, नंदूचा फोन आला तेव्हा मी भंवरकुआंला आमच्या क्लासमध्ये मुलांचे पेपर तपासत बसले होते. "ताई, आई गेली गं... सकाळी चहा घेतला, कुत्र्यांसाठी भाकरी कुस्करली आणि ओट्यावर टेकली, ती उठलीच नाही." कुसुमआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय पंचाहत्तरीच्या पुढे गेलेलं, गुडघे केव्हाचे संपावर गेलेले, त्यामुळे बातमी अगदीच अचानक आली असं म्हणता येत नव्हतं. तरी सुदामा नगरला आत्याच्या घरी पोचेपर्यंत रिक्षात मी स्वतःला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, की निदान भाकरी कुस्करून झाली होती... ती अर्धवट राहिली असती तर आत्याचा जीव तिथेच घुटमळला असता.

तेराव्याला सिमरोलच्या बाजूने दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून माणसं आली. साफेवाले शेतकरी, डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका. पुण्याहून आलेले आमचे नातेवाईक गोंधळले. सुदामा नगरातल्या एका मध्यमवर्गीय मराठी घराशी या माळव्यातल्या शेतकऱ्यांचा काय संबंध? एक म्हातारा फोटोपुढे हात जोडून उभा राहिला आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाला, "म्हारी काकी थी." त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत मला तीन-चार जणांनी तोच प्रश्न विचारला आणि मी प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांत उत्तर दिलं. आता जरा स्वस्थपणे सगळं सांगते.

आत्याचे यजमान, आमचे दिनूकाका, कापडाच्या मिलमध्ये विणाई खात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते. मागांच्या खडखडाटात वीस-बावीस वर्षं काढल्यामुळे कानांनी निम्मा राजीनामा दिलेला. मिल बंद झाली तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. तो काळ मोठा विचित्र होता. रस्त्यावर रोज नवी दुकानं उघडत होती, शेजारच्या गच्चीवर केबलची छत्री आली होती, कोणाकडे रंगीत टीव्ही, कोणाकडे नवी मोटरसायकल... आणि काका सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी खुर्चीत बसत ते जेवायलाच उठत. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. आत्या शिवणकाम करायची, घर त्यावर ओढत होती. महूला एका निवृत्त मेजरसाहेबांच्या घरी ती पडदे, गाद्यांची कव्हरं शिवून पोचवायची. मेजरसाहेबांच्या भाच्याने अमेरिकेतून त्यांना कुत्र्यांची एक जोडी आणून दिली होती. राखाडी अंगावर काळे ठिपके, बिबट्यासारखे, आणि मादीचा एक डोळा निळा. तिकडे जंगलात रानडुकरांच्या मागे सोडतात म्हणे ही जात. मेजरसाहेब लेकीकडे बंगलोरला कायमचे निघाले, तिथे फ्लॅट, कुत्री नेता येईनात आणि महूत ती घ्यायला कोणी तयार होईना. पडदे पोचवायला गेलेली आत्या संध्याकाळी टेम्पोतून ती जोडी घेऊन उतरली.

काका कितीतरी दिवसांनी पूर्ण वाक्य बोलले ते त्या दिवशी. "कुसुम, आपल्याच खाण्याचे वांधे आहेत, आणि तू हे काय उचलून आणलंस?"

"भाकरी कोण थापतं? मी ना? मग मी अजून चार थापीन. तुम्ही फक्त यांना सकाळी फिरवून आणा."

आत्याने ती जोडी कुत्र्यांच्या कळवळ्याने आणली की काकांसाठी, हे मला अजून सांगता येत नाही. गल्लीतली पोरं निळ्या डोळ्याला घाबरून रस्ता बदलायची. मादीचं नाव चिमी ठेवलं, नराचं भुऱ्या. आणि काका सकाळी खुर्चीतून उठायला लागले.

आमच्या भागात दूध घालायला दरियावसिंह यायचा. सिमरोलजवळ त्याची शेती, आलूचं पीक. त्या वर्षी रानडुकरांनी निम्मं शेत उकरून टाकलं होतं. आत्याच्या दारात किटली ठेवून तो रडकुंडीला येऊन सांगत होता आणि चिमी त्याच्या धोतराचा वास घेत होती. आत्या म्हणाली, "दरियावभैया, इनको ले चलो. इनके बाप-दादा का यही काम है." दुसऱ्या दिवशी दुपारच्या दुधाच्या टेम्पोत, रिकाम्या कॅनच्या मध्ये बसून आत्या, काका आणि दोन्ही कुत्री शेतावर गेली. हट्ट करून मीही गेले. कॉलेजला होते तेव्हा.

ऊन उतरता उतरता शेजारच्या उसातून डुकरं बाहेर पडली. आम्ही बांधावर होतो. काकांनी साखळ्या सोडल्या. मला वाटलं होतं की आता झोंबाझोंबी होणार, रक्त दिसणार. तसं काहीच झालं नाही. कळप पळाला, पण एक मोठा दाताळ नर मात्र मागे फिरून उभा राहिला आणि या दोघांनी त्याच्याभोवती रिंगण धरलं. अंगाला अजिबात लागायचं नाही, फक्त भुंकायचं, तो एकीकडे वळला की दुसरं मागून जवळ यायचं. डुक्कर जागच्या जागी गरगरत राहिलं. ते पाहून गावातली चार-पाच जणं भाले घेऊन धावत आली, एकाकडे बंदूकही होती. आत्या साडी खोचून थेट त्यांच्या आडवी गेली. "मारना नहीं है, भगाना है! मारना जुर्म भी है और मेरे कुत्ते भी बीच में हैं. किसी ने हाथ उठाया तो मैं इनको लेकर चली, फिर सम्हालना अपने आलू."

माणसं थांबली. पण कुत्री थांबेनात. काका हाका मारून दमले, त्या भुंकण्यात त्यांचा आवाज कुठे ऐकू जाणार! डुकराला वाट मिळेना, तेव्हा ते भुऱ्याच्या अंगावरून घुसलं आणि जाता जाता त्याची मांडी सुळ्याने उभी फाडून गेलं. दरियावसिंहाने आपला साफा सोडून जखमेवर गुंडाळला आणि त्याच टेम्पोत भुऱ्याला महूच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. तो वाचला. काका मात्र घरी येऊन पुन्हा खुर्चीत बसले. "माझ्या हाकेला किंमत नाही," एवढंच म्हणाले.

त्या हंगामात डुकरं दरियावसिंहाच्या शेतात पुन्हा फिरकली नाहीत. आसपासच्या गावांतून माणसं पिल्लं मागायला यायला लागली. शिवाय मल्हारगंजातला एक व्यापारी कुठून तरी ऐकून आला. नव्याने पैसा आलेल्या लोकांना बंगल्याच्या फाटकाशी काहीतरी वेगळं हवं होतं. तो म्हणाला, "काकी, नर भी चितरा, मादा भी चितरी. बच्चे एक से एक निकलेंगे. सब मैं उठा लूंगा." आत्याला पैशांची गरज होती, नंदू शाळेत होता. चिमी-भुऱ्याची जोडी लावली. पिल्लं झाली, काही ठिपक्यांची, आणि दोन मात्र शुभ्र, दुधासारखी. ती पांढरीच सगळ्यांत देखणी होती. व्यापारी बघून खूश झाला.

डोळे उघडून पिल्लं धावायला लागली तेव्हा आत्याच्या हातून एकदा ताट पडलं. सगळी दचकून पांगली, पांढरी दोन तशीच खेळत राहिली. आत्याने दुसऱ्यांदा मुद्दाम ताट आपटलं. मग त्यांच्या कानाशी टाळ्या वाजवल्या. काही नाही... डॉक्टरांनी सांगितलं की आई-बाप दोघंही चितरे, म्हणजे ठिपक्यांचे असले की अशी पांढरी पिल्लं होतात, आणि त्यांतली पुष्कळशी बहिरी निघतात. व्यापाऱ्याला त्याचं काही नव्हतं. "अरे काकी, गोरा रंग है, कान कौन पूछता है? और नहीं रखना तो नाले में छोड़ दो. पर अगली बार जोड़ी यही लगाना." आत्याने त्याला चहासुद्धा विचारला नाही. "अगली बार नहीं लगेगी ये जोड़ी. आपण जा आता, भिया," असं अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत म्हणून तिने फाटक लावून घेतलं. मग आत येऊन मशीनवर बसली. शिवत काही नव्हती, नुसती बसली होती. मला म्हणाली, "बेबी, मी या मुक्या जिवांना आपल्या हातांनी बहिरं केलं गं. ठिपक्यांच्या नादात."

अंगणात काका खुर्चीत होते. एक पांढरं पिल्लू त्यांच्याकडे पाठ करून मुंग्या हुंगत होतं. काकांनी पाय जोरात जमिनीवर आपटला. जमीन हादरली तसं पिल्लू वळलं. काकांनी हात वर करून बोटं आपल्याकडे ओढल्यासारखी केली. पिल्लू बघत राहिलं. काकांनी पुन्हा तेच केलं, आणि पायाशी भाकरीचा तुकडा टाकला. चौथ्या-पाचव्यांदा ते नुसत्या हातावर धावत आलं. मागांच्या आवाजात तोंडाने बोलून उपयोग नसायचा, तेव्हा मिलमध्ये सगळे असेच बोलायचे. इकडे ये, थांब, धागा तुटला, साहेब आला... प्रत्येकाची खूण ठरलेली. काकांनी पिल्लाला उचलून मांडीवर घेतलं आणि आत ओरडून सांगितलं, "अगं कुसुम, बाहेर ये! ही तर आमच्या खात्यातली निघाली!"

आत्या दारात येऊन उभी राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मिलच्या खुणा तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. त्या दिवशी ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

पुढे सगळं एकदम सोपं झालं असं नाही. बंगलेवाले गेले ते गेलेच. पण काकांनी पांढऱ्यांबरोबर बाकीच्यांनाही खुणा शिकवल्या, आणि रानडुकरासमोर कितीही गदारोळ असो, कुत्री मध्येच नजर उचलून काकांचा हात बघायला लागली. हात खाली आला की रिंगण सोडून मागे. भुऱ्यानंतर एकाही कुत्र्याला सुळा लागला नाही. पांढऱ्या दोघांना आत्याने शेतात कधी नेलं नाही, ती घरीच म्हातारी झाली. पुढच्या जोडीसाठी तिने मारवाडातून मेंढ्या घेऊन येणाऱ्या एका मेंढपाळाकडून साधा तपकिरी कुत्रा मागून आणला. चितऱ्याची जोडी नेहमी साध्याशीच, हा तिचा नियम. गावोगावी पिल्लं देताना अट एकच, शिकार करायची नाही. हंगामात काका गावांत राहून कुत्र्यांना तयार करायचे, घरी धान्य, आलू, तूप येत राहायचं, मशीन चालू होतीच. नंदू त्यातच शिकला. एकदा एका जमीनदाराच्या पोराने कुत्रा बंदुकीबरोबर जंगलात नेला असं कळलं, तेव्हा आत्या बसने गेली, त्याच्या अंगणातून कुत्रा सोडला आणि त्याच बसने परत आली. कंडक्टरशी भांडून कुत्र्यालाही सीट मिळवली होती.

आता गेल्या आठवड्यातली गोष्ट. आत्याची खोली रिकामी करून तिथे मुलाचा कॉम्प्युटर ठेवायचं नंदूने ठरवलं होतं. पलंग हलवायला मलाही बोलावलं. आम्ही आत गेलो तर सोनी, त्यांची सध्याची मादी, पलंगाखाली आत्याच्या जुन्या गोधडीवर पसरलेली आणि तिच्या पोटाशी ओली, आंधळी पिल्लं. काही ठिपक्यांची, काही तपकिरी. नंदू हातातली मापाची टेप गुंडाळत म्हणाला, "राहू दे ताई, पोरगा हॉलमध्ये बसेल."

परवा दरियावसिंहाची सून कृष्णा आली. तिने काकांच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं, "काका, काकी बोली थीं, अबकी मादा मेरी. मैं खुद पालूंगी, घर के आदमी लोग नहीं."

काकांनी तिला नीट निरखून पाहिलं. "पहले आँख खुलने दे, दूध छूटने दे. फिर ले जाना. और चप्पल बाहर उतार."

कृष्णाने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, पदर कमरेला खोचला, आणि पलंगाखाली वाकून एकेक पिल्लू अलगद उलटून त्यात आपली मादी शोधायला लागली.